सरावापुरतं घर

तपासनीसांनी नोकरी सोडायचं जवळजवळ ठरवलं होतं. कुलुपांच्या कारखान्यात बावीस वर्षं ते एकच काम करत आले होते. आलेलं कुलूप लावून बघायचं, उघडून बघायचं आणि त्यात खोट काढायची. आता कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज मागवले होते, सोमवारची मुदत होती, आणि आपण घरं विकून देणारा एजंट व्हावं असं तपासनीसांच्या मनाने घेतलं होतं.

"तुम्ही आणि एजंट?" बायको म्हणाली. "अहो, आपल्या लग्नाच्या फोटोत तुम्ही माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघताय. का, तर पोपडे निघालेत म्हणून."

"निघालेच होते."

"घर विकायचं तर कौतुक करावं लागतं. आधी आपल्याच घराचं करून दाखवा. रोज पाच मिनिटं, एकही खोट न काढता. जमलं तर खुशाल भरा अर्ज."

आपलं घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या आणि एक गॅलरी. घरमालकीण काकू वरच्या मजल्यावर राहायच्या. चौदा वर्षांत त्यांनी भाडं वाढवलं नव्हतं, कारण त्या तो विषय काढायला आल्या की तपासनीस गळक्या नळावर बोलू लागत आणि काकू घाईघाईने जिना चढून जात.

मंगळवारी तपासनीस गॅलरीत उभे राहिले आणि "कठडा हलतो" एवढंच बोलून आत आले. बुधवारी नुसतेच उभे राहिले. गुरुवारी मात्र त्यांना सूर सापडला. "सकाळचं ऊन थेट ओट्यावर येतं," ते म्हणाले. "अशा जाड भिंती आता कोणी बांधत नाही. इथे राहिलेला माणूस दुसरीकडे रमायचा नाही." भांडी पुसणारी बायको थांबली. असं घर कुठे आहे ते बघून तरी यावं, असं तिलाच वाटू लागलं.

शुक्रवारी त्यांनी तेच आणखी रंगवून सांगितलं. शनिवारी सकाळी काकू खाली आल्या.

"दोन दिवस वरून ऐकतेय," त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. "माझं घर इतकं चांगलं आहे याची मला कल्पनाच नव्हती हो. आता विकूनच टाकते. उद्या दहाला एक जोडपं बघायला येतंय. तुम्हीच दाखवा. तुमच्याइतकं गोड मला सांगता यायचं नाही."

काकू गेल्या. एजंट म्हणून पहिलं गिऱ्हाईक, आणि विकायचं काय, तर स्वतःच्या डोक्यावरचं छप्पर. बायकोने स्वतःच्या हाताने रंगवलेल्या कपाटाकडे बघितलं आणि तिला रडूच आलं.

"रडू नकोस," तपासनीस म्हणाले. "उद्या बावीस वर्षांचा अनुभव पणाला लावतो."

रविवारी ते फॉर्मात होते. त्यांनी जोडप्याला गळका नळ दाखवला, पावसात फुगणारं दार दाखवलं, पलंग सरकवून त्यामागची ओल दाखवली. काकूंना पाहुण्यांसमोर जिना चढून पळता येईना. चौदा वर्षांच्या तक्रारी त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण ऐकल्या.

सत्ताविसाव्या खोटेला नवऱ्यामुलासारखा नटून आलेला तो गृहस्थ आपल्या बायकोला म्हणाला, "इतकं खरं बोलणारा एजंट मी जन्मात बघितला नाही. डोळे मिटून घेऊ या."

तपासनीस अठ्ठाविसावी खोट शोधू लागले, पण सापडेना. तेवढ्यात त्यांची बायको पदर खोचून पुढे आली.

"घ्या की," ती म्हणाली. "पण जाता जाता समोरचं बघून जा. शिंप्याच्या दुकानावरचं, त्याचंच आहे. विकायचंय म्हणून वर्षभर रिकामं आहे, चावी त्याने माझ्याकडेच ठेवलीय. तिथे ऊन दोन्ही वेळा येतं."

ती त्यांना घेऊन गेली ती तासाभराने एकटीच परत आली. जोडपं शिंप्याकडे बसून व्यवहाराचं बोलत होतं. काकू अजून खुर्चीतच होत्या.

"नळ इतका गळतो?" त्यांनी हळूच विचारलं. "उद्या प्लंबर पाठवते. आणि हे घर काही विकायच्या लायकीचं नाही बाई. राहा तुम्हीच."

सोमवारी तपासनीस डबा घेऊन नेहमीसारखे कारखान्यात गेले. कोरा अर्ज कपाटातच राहिला. शिंप्याने मात्र ओळखीतल्या आणखी दोन घरांच्या चाव्या सकाळीच त्यांच्या बायकोला आणून दिल्या होत्या.

संध्याकाळी ते परतले तेव्हा बायको गॅलरीत पाठमोरी उभी राहून सराव करत होती.

"जुनं आहे, पण बांधणी भक्कम," ती म्हणत होती. "जरा कुरकुरतं. पण इतक्या वर्षांत कधी दगा दिला नाही. असा नवरा आता शोधून मिळायचा नाही."

तपासनीस दारातच थबकले. त्यांना बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं. एवढ्यात वरच्या गॅलरीत खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला.

"हळू बोल," ते घाईने म्हणाले. "काकू ऐकतायत."