मंदाताईंची डबल बेल

मंदाताई फोटो काढायच्या आधी ओरडतात, "सिंगल!" ही आज्ञा फोटोतल्या पोराला नसते, त्याच्या आईला असते.

आमच्या बेलापुरात कॅमेरा दिसला की आया कंगवा आणि पावडरचा डबा घेऊन धावतात. भांग पडला, तोंडावर पांढरा थर बसला की मंदाताईंच्या मते ते पोर कामातून गेलं. मग हात आडवा करून त्या आईला जागीच थांबवतात. "सिंगल, वहिनी. तिथंच उभ्या ऱ्हावा."

ताईंची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली. आमच्या नगर जिल्ह्यात अकोल्याच्या घाटापासून कर्जतपर्यंत त्यांच्या आवाजाने गाड्या थांबल्या आणि सुटल्या. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे निघा. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुना डिजिटल कॅमेरा घेतला, त्यातला रंग बंद केला आणि रस्त्यावरच्या पोरांचे काळेपांढरे फोटो काढायला लागल्या. गोट्या खेळणारी, भांडणारी, नाक पुसणारी पोरं. कॅमेरा वाजला की पोरं आहेत तशी गोठतात, आणि ताई "डबल" म्हणाल्या की सुटतात. हा खेळ पोरांनीच काढला आहे.

श्रीरामपूरच्या फोटोवाल्याला वाटलं, बाईंकडून चूक होतेय. त्याने कनवाळूपणे कॉम्प्युटरवर सगळ्यांत रंग भरून दिले. ताईंनी गठ्ठा परत केला. "रंग पळून जातो," एवढंच म्हणाल्या. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही ते थट्टेवारी नेत असू.

हे फोटो ताई आमच्या गल्लीतल्या बंद तेलघाण्याच्या भिंतीवर, दोरीला कपड्यांच्या चिमट्यांनी लावतात. तिथेच माशी शिंकली. शेजारच्या संगीताच्या मुलाचा फोटो लागला आणि दुसऱ्याच दिवशी त्याला ताप आला. पोराने आदल्या दिवशी ओंजळभर कच्च्या चिंचा खाल्ल्या होत्या, पण गल्लीच्या बैठकीत तो मुद्दा कुणी विचारात घेतला नाही.

"माझं लेकरू जितंजागतं हाय, गुरुजी," संगीता मला म्हणाली. "काळापांढरा फोटो भिंतीला कुनाचा लागतो? नुसता हार घालायचा ऱ्हायलाय."

ठरलं असं, की बाजाराच्या दिवसाआधी फोटो उतरले पाहिजेत, नाहीतर गल्ली उतरवील. ताईंनी निरोपाला उत्तर पाठवलं, "ज्यांना पटत न्हाई त्यांनी पुढच्या ष्टॉपला उतरावं." मग समजूत घालायला मला पाठवण्यात आलं. मी निवृत्त मास्तर. माझं बोलणं लांबतं, त्यामुळे समोरचा कंटाळून मान्य करतो अशी माझी ख्याती आहे.

मी ताईंच्या घरी बसून बराच वेळ बोललो. लोकभावना वगैरे. त्या तांदूळ निवडत होत्या. शेवटी म्हणाल्या, "गुरुजी, ती खिडकीजवळची फ्रेम बघा."

ती फ्रेम मी वर्षानुवर्षं रिकामी समजत आलो होतो. जवळ गेलो. आत फिकट निळसर कागद होता. निरखून पाहिल्यावर वरच्या बाजूला दोन रिबिनींचे पुसट आकार दिसले. त्यांच्यामध्ये चेहरा नव्हता.

"माझी सुमी. सहा वर्षांची हुती. मी मुक्कामी गाडीवर गेल्ते, अन् हिकडं तापात गेली. एकच फोटो, स्टुडिओतला. भांग पाडून, पावडर थापून बसवली हुती. तशी ती कधीच दिसत न्हवती." त्यांनी ताटातला एक खडा बाजूला टाकला. "नीट दिसावी म्हनून खिडकीपाशी लावली. उन्हानं आधी ओठ नेले, मग गाल."

मी परत येऊन त्यांच्यासमोर बसलो.

"गल्लीला सांगा," ताई म्हणाल्या. "माझ्या घरात गेलेल्या मानसाचा फोटो एकच हाय, अन् त्यो रंगीत हाय. भिंतीवरची पोरं जिती हायेत. ती उतरनार न्हाईत."

बाहेर चहाच्या टपरीवर मंडळी थांबलेली होती. मी आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण केलं. "फोटो राहतील. उद्या माझ्या नातीचाही लागेल. कुणाला हात लावायचा असेल तर आधी तिच्या फोटोला लावा."

एकही फोटो उतरला नाही, हे सांगून टाकतो. संगीता मात्र अजून माझ्याशी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी नात ओवी शाळेतून आली, तेव्हा माझी पत्नी कंगवा घेऊन पायरीवर तयार होती. "सिंगल, वहिनी," ताई म्हणाल्या आणि ही चक्क थांबली. माझ्या सांगण्यावरून ती चाळीस वर्षांत एकदाही थांबलेली नाही.

ओवीची एक रिबीन सुटली होती. तुटकी चप्पल हातात घेऊन ती शेळीच्या करडामागे धावत आली. कॅमेरा वाजला आणि ती एका पायावर गोठली.

मंदाताईंनी कॅमेऱ्यातला फोटो पाहिला. पाहतच राहिल्या. ओवी डुलायला लागली.

"आजी, डबल म्हना की."

ताईंचा अंगठा कॅमेऱ्यातल्या सुटलेल्या रिबिनीवर थांबला होता. पोरगी ताटकळली होती.

"डबल," मी म्हणालो, आणि ओवी सुटली.