डोक्यावरचा सांडवा

घराची पन्हळ बसवून झाली की आमचे गफूरचाचा मालकाला त्याच्या रोजच्या खुर्चीत बसवतात आणि वरून त्याच्या डोक्यावर पाणी पाडतात. त्याशिवाय त्यांची शिडी जागची हलत नाही.

चाचा जुन्नरचे पत्रेवाले, आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे. दोन छपरांच्या मधे पत्र्याची चौकोनी पन्हळ बसवावी ती त्यांनीच. पाणी उतरायला तोंड सगळेच ठेवतात हो. पण ते पाल्यानं तुंबलं तर? पाणी उलटं फिरून थेट घरात! म्हणून चाचा काठाच्या दोन बोटं खाली आणखी एक मोठं तोंड काढतात. धरणाला असतो तसा सांडवा. आणि तो सोडतात कुठं, तर बरोब्बर मालकाच्या बसायच्या जागेवर.

"अंगावर आल्याबिगर मानूस वर बघत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

महाळुंगे पडवळला एक बागायतदार नव्या बंगल्याच्या पोर्चमधे पेपर वाचत बसला होता. चाचांनी वर पन्हळीच्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबला आणि बादल्या ओतल्या. बागायतदार पेपरासकट चिंब!

"चाचा, अक्कल हाय का?"

"हाय ना राव, म्हनून तर! पावसात असंच भिजलात की मला शिव्या घाला, पन आदी वर चढून पाला काढा."

सांडवा परसात वळवून द्या म्हटल्यावर चाचा हत्यारं पिशवीत भरायला लागले. शेवटी बागायतदारानं हात जोडले. सांडवा आजही तिथंच आहे.

मी पुण्यात नोकरीला लागल्यापासून चाचा मला साहेब म्हणतात, पण एकेरीत. "साहेब, तू गप ऱ्हा."

आई जुन्नरला एकटी राहते. दर पावसाळ्यात तिची भिंत ओली व्हायची. यंदा उन्हाळ्यात मी तिला साफ सांगून टाकलं, "नवी पन्हळ बसवू. तरी भिंत ओली झाली, तर सामान बांधायचं आणि पुण्याला चलायचं." आईचा चेहरा एवढासा झाला.

"वैनी, माळ्यावरची ट्रंक काढू नका," भिंतीपलीकडून आवाज आला. "भित वली व्हनार न्हाई."

आठवडाभर खपून चाचांनी आमच्या आणि त्यांच्या छपरांमधे पन्हळ बसवली. बघतो तर सांडव्याचं तोंड त्यांच्याच घराकडे!

"चाचा, हा आईच्या ओट्यावर हवा ना? तुमचाच नियम!"

"साहेब, तू गप ऱ्हा."

मी हुज्जत घातली, पण म्हातारा हटेना. वय झालं, चूक कबूल करवत नाही, असं म्हणून मी नाद सोडला.

श्रावणात एका रविवारी गेलो. दुपारी पहिला घास घेतला आणि पाऊस कोसळायला लागला. थोड्या वेळानं पलीकडे ढणढण सुरू झालं. डोकावलो तर चाचांच्या पडवीत, त्यांच्या जेवायच्या जागेशेजारी पत्र्याचा डबा पालथा घातलेला, आणि सांडव्याचं पाणी त्यावर बदाबदा पडतंय. ताट तसंच टाकून सत्तरीचे चाचा डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन शिडीवर चढले होते. मुठी भरभरून पिंपळाचा पाला काढत होते. हळूहळू डबा वाजायचा थांबला.

"मला हाक मारायची ना!" मी ओरडलोच.

"तू आज हायेस, साहेब." चाचा धापा टाकत उतरले. "जो वर चढनार, त्याच्या अंगावर सांडवा पायजे. वैनी चढनार हाय का? का तू पुन्यावरनं येनार?"

मला लाज वाटली.

"अन् पोरं नाशकाला गेल्यापास्नं माझ्या घरात आवाज तरी कुठंय?" ते चेहऱ्यावरचं पाणी निपटत म्हणाले. "डबा वाजला की वाटतं, कुनीतरी हाक मारतंय."

"गफूरभाई, आधी डोकं पुसा. ताट गरम करून आणते." आई टॉवेल घेऊन आली होती. तिच्या भिंतीला मी हात लावून पाहिला. भिंत कोरडी ठणठणीत होती.

माझे डोळे भरून आले. ते दोघांना दिसू नयेत म्हणून, "उरलेला पाला मी काढतो," म्हणत शिडी चढलो. पन्हळीत एक पानही उरलं नव्हतं.