ठमीला हवा खायला नेलं त्याची गोष्ट

विचार करून वागायची सवय असती, तर मी चौथीतून शाळा सोडून पंक्चरच्या दुकानात बसलो नसतो. त्यामुळे परवा भरल्या ताटावरून उठलो, दादाच्या पोरीला, म्हणजे ठमीला, काखोटीला मारलं आणि म्हणालो, "हवा खायला नेतो हिला."

नेत होतो लस टोचायला. पण आत्यासमोर हे बोलायची सोय नाही. आई गेल्यावर तिनेच आम्हाला वाढवलं आणि लसीवर तिचं एकच भाषण ठरलेलं.

"विष असतं ते! मी तुम्हा दोघा भावांना एकही सुई न टोचता मोठं केलं. काही झालं का?"

(दोघांतला एक गेल्याच महिन्यात घटसर्पाने गेला. घसा सुजून श्वास कोंडला. डॉक्टर म्हणाले, लहानपणी लस दिली असती तर वाचला असता. आत्या म्हणाली, गार पाण्याने गेला. तेव्हापासून आम्ही घरात सगळे कोमट पाणी पितो.)

दवाखान्यात नर्सबाईंनी ठमीचा गाल ओढला. "आली का ठमाबाई! आज काय काढलंत?"

"लस द्या हिला. असतील तेवढ्या सगळ्या. एकदम!"

"अरे, हिच्या वेळच्या वेळी झाल्यात. बाबा आणतो ना. घरी म्हणे हवा खायला नेतो सांगून येतो, लबाड! आज कुठाय तो?"

मी सांगितलं.

नर्सबाईंनी ठमीचं झबलं उगाच सारखं केलं. "त्याला म्हटलं होतं मी, तूही घे. तर म्हणाला, पुढच्या वेळी, आज घाई आहे."

मी बाही वर सरकवली. "मला द्या. आत्ता." (दिवसभर टायरमधले खिळे उपसतो, पण सुई दिसली की माझीच हवा जाते.)

ठमीला मांडीवर घेऊन स्टुलावर बसलो आणि काय झालं कोण जाणे, एकदम हुंदकाच फुटला. ओळीतली पोरं आपापलं रडणं थांबवून माझ्याकडे बघायला लागली.

"बघ, काका किती घाबरट आहे!" एक बाई पोराला म्हणाली. "तू नाही ना रडणार असा?"

ठमी माझं नाक ओढत खिदळत होती. मी डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हॅ! मुळीच दुखलं नाही."

नर्सबाई हळूच म्हणाल्या, "अरे, अजून टोचलंय कुठे?"