सतरा पानांखालचा केस

डोळे फसवतात, कान फसवतात आणि रोगी तर फसवतोच. खरे बोलतात ती फक्त बोटे, हे ऑस्टिओपॅथीचे, म्हणजे हाताने चाचपून हाडे-सांधे बरे करण्याच्या विद्येचे, मूलतत्त्व आहे. म्हणूनच मिसुरी राज्यातल्या एका छोट्या गावच्या महाविद्यालयात भावी डॉक्टरांना रोग्याआधी टेलिफोन डिरेक्टरी दाखवण्यात येते. (गावात तिचा दुसरा उपयोग उरलेला नाही.) पानाखाली केस ठेवायचा, वरून बोट फिरवून तो हुडकायचा आणि एकेक पान वाढवत जायचे. ज्याला सतरा पानांखालचा केस कळला त्याला कातडीखालचा मणकाही कळतो, असे मानण्याची पद्धत आहे.

केस ठेवण्याचे काम डॉ. लोवेल हॅचर यांचे. (स्वतःला नसल्यामुळे ते बायकोचा आणत.)

मार्लिस टेग्टमायर ही गोठेवाल्याची मुलगी. गाईच्या कुशीला हात लावून ती पोटातले वासरू सांगे. पण केस काही तिच्या बोटाला लागेना. नापास झालीस तर परत गोठ्यात, असे बापाने बजावले होते.

परीक्षेला एकसष्ट जण बसले. चौतीस जणांना केस डावीकडे लागला, पंचवीस जणांना उजवीकडे, एकाला आडवा. शेवटी मार्लिस. तिने दहा मिनिटे बोट फिरवले, घाम पुसला आणि वैतागून सतराही पाने उलटली.

"सर, इथे केसच नाहीये."

"मी बोटाला विचारलं होतं," हॅचर शांतपणे म्हणाले. "डोळ्यांना नाही."

प्रकरण समितीकडे गेले. समितीने निदानाच्या रीतीने संभाव्य कारणे मांडली: केस होता, पण उडाला; केस आहे, पण मुलीचा हात जड; केस ठेवायचाच राहिला. पैकी शेवटचे कारण दुर्मिळ म्हणून वगळण्यात आले. (हॅचरबाई त्या आठवड्यात माहेरी होत्या, ही माहिती कोणी मागवली नाही.) साठांविरुद्ध एक मत पडून मार्लिसला फेरपरीक्षा ठोठावण्यात आली.

"अगं, डोळे मीट, जरा थांब आणि म्हण, डावीकडे, किंचित तिरपा," खोलीतली मैत्रीण ओडेसा म्हणाली.

"पण मला खरंच काही लागत नाही गं."

"मग आम्हाला काय लागतंय?"

फेरपरीक्षेत मार्लिसने डोळे मिटले, जरा थांबली आणि तसेच म्हणाली. हॅचर सरांना गहिवरून आले. असा हात वीस वर्षांत पाहिला नव्हता म्हणाले. बाहेर येऊन ती गाडीत बसून रडली. वासराच्या बाबतीत ती आजवर कधी खोटे बोलली नव्हती.

यथावकाश पहिला रोगी आला: म्हातारा शेतकरी अर्ल, कंबर धरून. तिने मनापासून चाचपले.

"काका, मला तरी इथे काही जाणवत नाही."

"मग एवढी वर्षं शिकलीस काय, पोरी?" अर्ल टोपी उचलू लागला.

मार्लिसने डोळे मिटले. "थांबा. डावीकडे. किंचित तिरपं."

"हां, आता कसं बोललीस," म्हणत अर्ल ताठ चालत घरी गेला. गावात आजही तिच्याकडे सर्वांत लांब रांग लागते.

यावर कोणा वाचकाला हसू आले असेल तर आमची हरकत नाही. याही पानाखाली आम्ही एक केस ठेवला आहे. घाई नाही, डोळे मिटून बोट फिरवा.

डावीकडेच ना?