मधल्या पार्टिशनमधले घैसास

मधुवंती पारखीच्या लॅपटॉपमध्ये, विंडोज आणि लिनक्सच्या मधल्या पार्टिशनमध्ये, घैसास नावाचं एक जोडपं राहायला आलं. ते पार्टिशन तिने केलेलं नव्हतं आणि तिला ते नकोच होतं. जागेची कितीही ओढाताण असली तरी न विचारता दुसऱ्याच्या डिस्कवर बिऱ्हाड मांडायचं म्हणजे काय!

तिला ती जागा नानांसाठी हवी होती. नाना म्हणजे तिचे वडील. ते गेले आणि मागे उरली त्यांची कीर्तनं, एका जुन्या पेनड्राइव्हवर. तो आता त्याच्या मनात येईल तेव्हाच उघडायचा. लॅपटॉपच्या विंडोज आणि लिनक्स, दोन्ही बाजू काठोकाठ भरलेल्या. पेनड्राइव्ह बंद पडला की नानांचा आवाज कायमचा जाणार होता.

दुरुस्तीवाल्या इरफान मुजावरने स्क्रीन निरखला. "ताई, भरल्या घराला फॉरमॅट मारता येत नाही. आधी त्यांना उठवा. लिनक्समधनं जावा, तिकडं त्यांचं दार येतंय."

मधुवंती तावातावाने लिनक्समधून गेली. "घैसासकाकू, जागा खाली करा."

"करू की," स्पीकरमधून आवाज आला. "पण पहिल्यांदाच दारी आलीस, तशीच कशी जाशील?" डीव्हीडीचा ट्रे बाहेर आला. त्यावर शेवयांच्या खिरीची वाटी होती. खोटं कशाला बोला, खीर फर्मास होती.

"म्हणजे त्यांची वाटी तुमच्याकडंच?" इरफान गंभीर झाला. "शेजाऱ्याची वाटी घरात ठेवून त्यालाच उठवायचं? शोभतं का ताई? आधी ती परत करा."

वाटी रिकामी परत करत नाहीत. मधुवंतीने साखरभात भरून दिला. घैसासांकडेही तीच रीत, त्यामुळे वाटी सुरळीच्या वड्या घेऊन आली. मग इकडून शिरा, तिकडून अळूवडी. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगीच नाही. मधुवंतीचं वजन वाढलं, जागा तसूभर वाढली नाही.

एका सकाळी पेनड्राइव्ह काही केल्या उघडेना. उघडला तो क्षणभर. नाना "रामकृष्णहरी" म्हणाले आणि गप्प झाले. त्यात नेमका गॅस संपलेला, डब्यात साखरही नाही, आणि वाटी तर द्यायची होती. मधुवंतीने डोळे पुसले आणि पेनड्राइव्हच वाटीत ठेवला. घरात तेवढंच गोड उरलं होतं.

ट्रे आत गेला. दुपार टळली तरी बाहेर येईना. एकुलता एक आवाज आपण परक्यांच्या हवाली कसा केला?

संध्याकाळी आतून झांजा वाजल्या. मागोमाग नानांचा खणखणीत सूर लागला. मधुवंती हमसून रडली.

"अगं, नानांना आतली खोली दिलीय," घैसासकाकू हळूच म्हणाल्या. "आम्ही दोघं बाहेर झोपू. फक्त एवढं सांग, त्यांना आंघोळीला पाणी कसं लागतं?"

"कढत," मधुवंती म्हणाली. "आणि शेवटी एक तांब्या गार."