चहाची ओल

"पडदे कशाला काढतोयस?" मॉरीनने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं. "परवाच धुतलेत ते."

"म्हणूनच काढतोय," स्टुलावर चढलेला ऑब्री म्हणाला. "फार स्वच्छ दिसतात."

ऑब्री टकवेल शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाला होता. ईस्टबोर्नला समुद्राजवळच्या जुन्या इमारतीत नवराबायकोचा फ्लॅट होता. फ्लॅट त्यांचा म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतलेला. इमारत नि जमीन लंडनमधल्या एका मालकाची. घेतला तेव्हा पट्टा इतका लांबलचक होता की नातवंडांनाही पुरून उरेल असं दोघांना वाटलं होतं. आता नातवंड यायच्या आधीच पट्टा आखूड झाला होता, आणि आखूड पट्ट्याच्या फ्लॅटवर गिऱ्हाइकाला बँक कर्ज देईना. पट्टा वाढवल्याशिवाय फ्लॅट विकला जाणार नव्हता, आणि तो विकल्याशिवाय डेव्हनला, मुलीच्या घराजवळ राहायला जाता येणार नव्हतं. मुलीला, फिलिपाला, इस्टरच्या सुमारास बाळ होणार होतं. मॉरीनने लोकरीचे इतके मोजे विणून ठेवले होते की बाळाला गोमेइतके पाय असते तरी पुरले असते.

पट्टा वाढवायचे किती पैसे पडतील ते फ्लॅटच्या किमतीवर अवलंबून होतं, आणि किंमत ठरवायला मालकाचा माणूस दुपारी येणार होता.

"फ्लॅट भिकार दिसला की किंमत कमी. किंमत कमी की आपले पैसे कमी," ऑब्री म्हणाला. "साधं गणित आहे."

"तू भूगोल शिकवायचास," मॉरीन म्हणाली. "आणि माझ्या घराला परक्या माणसाने नाक मुरडलेलं मला चालणार नाही."

"एका दुपारचा तर प्रश्न आहे! फिलिपाकडे जायचंय ना तुला?"

मॉरीनने विणकाम उचललं, आणि ऑब्रीला चेव चढला. गालिचा, पितळी दिवे, चांगल्या उशा, सगळं त्याने कपाटात कोंबलं. थंडगार चहात ब्रश बुडवून खिडकीवरच्या भिंतीवर ओल काढली. पहिली ओल हुबेहूब ऑस्ट्रेलियासारखी झाली; सवयीने हात तसाच वळला होता. मग तिला शेपूट काढून त्याने ती बिघडवली. कोबी इतका शिजवला की जिन्यात येणारेजाणारे थांबून वास घेऊ लागले. न्हाणीघरातला नळ पान्याने ढिला करून ठिबकता ठेवला. आणि शेवटी शेजारच्या सेड्रिककडून त्याचा म्हातारा, केस गळणारा कुत्रा ड्यूक उसना आणला.

"चावेल का रे तो?" ऑब्रीने आशेने विचारलं.

"ड्यूक? त्याला दात कुठायत?" सेड्रिक म्हणाला. "पण वास मात्र चांगला मारतो."

मालकाचा माणूस वेळेवर आला. मिस्टर इनग्राम त्याचं नाव. उंच, किडकिडीत, मऊ आवाजाचा, बूट आरशासारखे. दारातच तो थबकला.

"कोबी?"

"रोजचाच," ऑब्री दुःखी चेहऱ्याने म्हणाला. "वास भिंतीत मुरलाय हो. काय काय म्हणून सांगायचं!"

मॉरीन खुर्चीत अंग चोरून बसली होती. इनग्रामने तिच्याकडे पाहून सहानुभूतीने मान हलवली, तेव्हा तिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. इनग्राम खोल्यांतून फिरला, भिंतींवर बोटांनी टकटक करत. ऑस्ट्रेलियाखाली बराच वेळ उभा राहिला. न्हाणीघरात डोकावून ठिबकणारा नळ बघितला. ड्यूक त्याच्या मागे मागे गेला आणि तो थांबला तिथे त्याच्या चकचकीत बुटावर डोकं ठेवून झोपला.

"टकवेलसाहेब," इनग्राम हळूच म्हणाला, "तुम्ही पट्टा कधी वाचलात का?"

"म्हणजे... चाळला होता."

"घर नीट दुरुस्त ठेवायचं, वेळच्या वेळी रंग द्यायचा, आणि जनावर पाळायचं नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. मला हे सगळं मालकाला कळवावं लागेल. ते दुरुस्तीचा तगादा लावतील. वकील मध्ये पडतील. पट्टा वाढवायचं मग कितीतरी लांबेल."

"इस्टरच्या पलीकडे?" मॉरीनने विचारलं.

"पुढच्या इस्टरच्यासुद्धा, मॅडम."

"पण किंमत तरी कमी होईल ना?" ऑब्रीचा आवाज चिरकला.

"नाही हो. घर अटीप्रमाणे नीट ठेवलंय असंच धरून आम्ही किंमत काढतो. तुम्ही घराची दुर्दशा केलीत, त्याचं बक्षीस तुम्हालाच कसं देणार?"

मॉरीनने नवऱ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

"ती ओल नाहीये!" ऑब्री ओरडला. "चहा आहे तो! मीच लावलाय!"

"भिंतीला चहा लावलात?"

"ब्रशने! हे बघा, पुसून दाखवतो." त्याने स्टुलावर चढून बाहीने खसाखसा पुसलं. ऑस्ट्रेलिया आशियाला जाऊन मिळाला. "आणि हा कुत्रा आमचा नाही!"

ड्यूकने डोळे उघडले आणि मोठ्या प्रेमाने ऑब्रीचा हात चाटला.

"तुम्हाला चांगला ओळखतो," इनग्राम म्हणाला. "आणि तो नळ?"

"तोही मीच ढिला केलाय! चला, आत्ता तुमच्यासमोर घट्ट करतो!"

ऑब्रीने न्हाणीघरात धाव घेतली, पान्याने जोर लावला, आणि अख्खा नळ त्याच्या हातात आला. पाण्याचा फवारा थेट समोरच्या भिंतीकडे सुटला. इनग्राम मध्ये उभा होता म्हणून भिंत तेवढी वाचली.

"हात! हात दाबा त्याच्यावर!" इनग्रामचा मऊ आवाज कुठल्या कुठे पळाला. शेवटी त्यानेच पुढे होऊन दोन्ही तळवे भोकावर दाबले. पाणी त्याच्या बाह्यांतून आत शिरून विजारीतून बाहेर पडू लागलं. ऑब्री हातात नळ घेऊन, विद्यार्थ्याने अवघड प्रश्न विचारल्यासारखा उभा राहिला. ड्यूक भुंकायला लागला.

मॉरीन उठली. स्वयंपाकघरातल्या मोरीखाली हात घालून तिने मुख्य तोटी बंद केली. मग परत येऊन म्हणाली, "बास झालं तुझं गणित. मिस्टर इनग्राम, कपडे काढा."

ऑब्रीचा गाऊन धुवायला टाकला होता, म्हणून इनग्रामला मॉरीनचा गुलाबी, रजईसारखा गाऊन घालावा लागला. त्याची विजार हीटरवर वाळत पडली. तेवढ्या वेळात मॉरीनने ऑब्रीकडून भिंत साबणाने धुऊन घेतली, गालिचा अंथरला, पडदे लावले, दिवे मांडले, कोबी फेकून खिडक्या उघडल्या. ड्यूक घरी गेला. इनग्रामसमोर प्लमचा केक आला. दुसरा तुकडा खाऊन त्याने सभोवार पाहिलं. उन्हात पितळ झळकत होतं आणि खिडकीतून समुद्र दिसत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "इतकं सुरेख ठेवलेलं घर मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं."

मॉरीन लाजली. ऑब्रीने मात्र मनातल्या मनात हिशोब मांडला, आणि तो बरोबर निघाला. इनग्रामने फ्लॅटची स्थिती अत्युत्तम म्हणून कळवली आणि किंमतही तशीच चढी लावली. पैसे भरताना ऑब्रीला वाटलं, आपला एक दातच कोणीतरी उपटतोय. पण पट्टा वाढला, आणि फ्लॅट लगेच विकायला निघाला.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून दारात उभा होता मिस्टर इनग्राम. सोबत एक ठेंगणी, ताठ कण्याची म्हातारी.

"या माझ्या सासूबाई, मिसेस पेनरोझ," तो म्हणाला. "त्यांना समुद्राकाठी घर हवंय. सध्या आमच्याकडे असतात. तात्पुरत्या."

"तीन वर्षं झाली," मिसेस पेनरोझ म्हणाल्या. "काय मागताय घराचे?"

ऑब्रीने आकडा सांगितला. इनग्राम खाकरला आणि भिंतीवर टकटक करू लागला. "जरा जास्त वाटतात. ही भिंत बघा, इथे ओल असावी. नळही जुने दिसतात..."

"नळ नवे आहेत," ऑब्री गोड हसून म्हणाला. "आणि घर अत्युत्तम स्थितीत आहे. शब्द तुमचेच आहेत, साहेब. आकडाही तुमचाच. आम्ही वर एक पौंड लावलेला नाही."

म्हातारीने जावयाकडे सावकाश मान वळवली. "ही किंमत तू ठरवलीस?"

"आई, ते माझं काम होतं..."

"चांगलं केलंस." त्या खिडकीजवळच्या खुर्चीत ऐसपैस बसल्या. "मला घर पसंत आहे. माझ्याजवळ आहेत तेवढे मी देते, वरचे तू घाल. नाही जमत तर राहू दे. तुमच्याकडे मला काहीच कमी नाही."

मॉरीन चहा ओतू लागली. इनग्रामने शेवटची आशा म्हणून भिंतीवर पुन्हा एकदा, हलकेच टकटक केली. भिंत ठणठणीत होती.