घानाला जाण्यापूर्वी भिसेमामांना भेटा

साठीला टेकलेला, मिशीला कलप लावणारा एक पुरुष डोक्याला टॉवेल गुंडाळून उलट्या बादलीवर बसतो, समोर वर्तमानपत्रावर पाच बटाटे मांडतो आणि म्हणतो, "आता मी बाजारातली बाई. घ्या इकत." दोह्याजवळच्या अल वक्रातल्या एका खोलीत हा प्रकार मी चारदा पाहिला. चारही वेळा मला बटाटे मिळाले नाहीत.

हे भिसेमामा. मूळचे कराडकडचे, इथे एका कंपनीत स्टोअरकीपर. तरुणपणी काही वर्षं पश्चिम आफ्रिकेत, घानात होते. दोह्यातला कुणी मराठी माणूस पहिल्यांदा घानाला निघाला की त्याला हमखास सांगितलं जातं, आधी भिसेमामांना भेट. मामा दर शुक्रवारी शिकवणी घेतात. फी नाही. चहासुद्धा त्यांचाच.

माझा संशय इथूनच सुरू झाला. मी या देशात एसी मेकॅनिक म्हणून आलो, गच्च्यांवर भाजून निघालो आणि इंडस्ट्रियल एरियात स्वतःचं दुकान उभं केलं. इतक्या वर्षांत मला कुणी काही फुकट दिल्याचं आठवत नाही. फुकट देणारा भेटला की मी आधी त्याचे खिसे बघतो, मग तोंड.

पण नड माझी होती. दुरुस्त केलेले कॉम्प्रेसर घेणारा एक व्यापारी घानात मिळत होता आणि बोलणी समोरासमोर करायची होती.

सल्ले कामाचे होते, हे मान्य करतो. पिवळ्या तापाची सुई निदान दहा दिवस आधी घ्या. तिचं कार्ड पासपोर्टात ठेवा, बॅगेत नको, विमानतळावर पहिलं तेच मागतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून इथूनच सुरू करा. शनिवारी कुणाशी धंद्याची भेट ठरवू नका, शनिवारी लोक काळे-लाल कपडे घालून कुणाच्या तरी अंत्यविधीला गेलेले असतात. तुम्हाला बोलावलं तर जा. फुफूचा, म्हणजे तिथल्या कंदाच्या उकडीचा, गोळा चावायचा नाही, गिळायचा. त्यासाठी मामांनी तांदळाची उकड करून माझ्याकडून सराव करून घेतला. मला ठसका लागला तेव्हा माझ्या पाठीवर थापटत म्हणाले, "चावलात. मला दिसलं."

डाव्या हाताने काही द्यायचं-घ्यायचं नाही, हा सगळ्यात कडक नियम. मी जन्माचा डावखुरा. चहा पिताना मामांनी मला डावा हात मांडीखाली दाबून बसवलं. अर्धा चहा शर्टावर गेला.

आणि मग बटाटे. पहिल्या शुक्रवारी मी विचारलं, "कसे दिले?" मामा माझ्याकडे बघेचनात. जणू खोलीत मी नव्हतोच. मी आवाज चढवला तर त्यांनी वर्तमानपत्र गुंडाळलं आणि म्हणाले, "खलास. दुकान बंद." नंतर कळलं, आधी नमस्कार, मग झोप कशी झाली, पोरंबाळं कशी आहेत, आणि त्यानंतर भाव. दुसऱ्या शुक्रवारी सगळं विचारलं आणि बटाटा डाव्या हाताने उचलला. तिसऱ्यांदा तोही नेम पाळला, तर म्हणाले, "त्वांड नमस्कार करतंय, पन डोळं बटाट्यावर हाईत."

मी दोह्याच्या सूक बाजारात इराणी गालिचेवाल्याला घाम फोडलेला माणूस. आणि माझ्या आधी आलेला, आयटीतला एक कोवळा इंजिनियर पहिल्याच फेरीत पाचही बटाटे घेऊन गेला होता. ही गोष्ट मी अजून विसरलेलो नाही.

त्याच तिसऱ्या शुक्रवारी मामांनी विचारलं, उतरणार कुठं. बाकी सगळे राजधानीला, अक्राला जातात. मी म्हणालो, कुमासीला. मामा टॉवेल सोडायचे विसरले. तसेच बादलीवर बसून राहिले. मग एकदम माझी बॅग मागितली. मी नीट भरून देतो, म्हणाले.

माझ्या डोक्यात दिवा लागला. परक्याच्या बॅगेत माल सरकवण्याचे प्रकार मी ऐकून होतो. बॅग परत मिळाल्यावर मी दुकानाचं शटर ओढलं आणि एकेक मोजा उलटा करून पाहिला. मच्छरदाणीच्या घडीत एक कागद निघाला. पेन्सिलने काढलेला नकाशा: चर्च, हातपंप, निळं फाटक. खाली लिहिलेलं, आँटी अकोसुआ.

मी तडक अल वक्राला गेलो आणि कागद त्यांच्यासमोर आपटला. त्या फाटकात काय पोचवायचं आहे ते आत्ताच्या आत्ता दाखवा, नाहीतर ही गोष्ट पोलिसात जाईल, असं बरंच काही बोललो. मामांनी सगळं ऐकून घेतलं.

"वस्तू न्हाई, शेठ," ते म्हणाले. "माफी हाय."

हळूहळू बोलले. कुमासीत एका लाकूडगिरणीत ते मेकॅनिक होते. आँटी अकोसुआ घरमालकीण. मलेरियाने हे आडवे झाले तेव्हा ती बाई पंधरा दिवस उशाशी बसून होती. पुढे गिरणी बंद पडली, आणि कंपनीने एका दुपारी सगळ्यांना गाडीत घालून अक्राला नेलं. आँटी तेव्हा बाजारात होती. तिथली रीत अशी की पाहुणा निघताना घरच्यांकडे रस्ता मागतो, म्हणजे जायची परवानगी. घरचे अर्धाच देतात, उरलेला परत येण्यासाठी ठेवून घेतात.

"म्या मागितलाच न्हाई. चोरागत निघालो."

फोन का नाही केला, असं मी विचारलं. म्हणाले, असली गोष्ट फोनवर मागत नाहीत. वडीलधाऱ्यांपुढे दुसऱ्याच्या तोंडून बोलतात, त्यात मान असतो. पण ते तोंड नीट बोलणारं हवं. म्हणून ही बटाट्यांची परीक्षा. इतकी वर्षं ते माणूस शोधत होते, आणि पास झालेले सगळे अक्राला गेले.

"कुमासीला जानारं तुमीच," ते म्हणाले, "आन तुमी नापास."

नापास माणसाला तोंडाने सांगवेना, म्हणून कागद बॅगेत लपवला, आणि काढून घ्यायलाही मन झालं नाही. मला इतका राग आला की मी चौथ्यांदा बादलीसमोर बसलो. तेव्हाही पास झालो नाही. तसाच गेलो.

निळं फाटक आता हिरवं आहे. आँटी व्हरांड्यात बसली होती, पांढरे केस, गुडघ्यावर पट्टा. मी नमस्कार केला, झोप विचारली, नातवंडं विचारली, डावा हात पाठीमागे धरला. तिने आधी पाणी दिलं आणि ते संपल्यावर येण्याचं कारण विचारलं. मी मामांचं नाव घेतलं, झालं ते सांगितलं आणि त्यांच्या वतीने रस्ता मागितला.

नाही, म्हणाली.

अर्धा, मी म्हणालो. नाही. पाव तरी द्या. मी तिला मामांचं वय सांगितलं, तब्येत सांगितली, गाडी अंधार पडायच्या आत अक्राला पोचायची होती म्हणून त्यांना थांबता आलं नाही, असं एक खोटंही सांगून पाहिलं. ती हलली नाही. आयुष्यात इतका सपशेल हरलो नव्हतो.

परतल्यावर मी मामांना सांगितलं, "रस्ता दिला नाही." त्यांनी मान खाली घातली. तेव्हा उरलेलं सांगितलं. "म्हणाली, मी परवानगी दिलेली नाही, म्हणजे तो गेलेला नाही. अजून या घरातच आहे."

मामांनी मान वर केली. मग त्यांनी विचारलं, आँटीच्या न्हाणीवरचा पत्रा अजून गळतो का. मी म्हणालो, पत्र्याकडे माझं लक्ष नव्हतं.

"लक्ष नव्हतं?" मामा पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "म्हातारं मानूस तिथं घसरलं म्हंजी?" त्यांनी कागद-पेन्सिल घेतली, डोळे मिटले आणि नव्या पत्र्यासाठी न्हाणीची लांबी-रुंदी आठवून लिहायला लागले.